विषाणूचा नकाशा की माणसाचा? जेसी व्हायरसबद्दलचा एक लाडका युक्तिवाद तपासताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी जेसी व्हायरसचा रंगीत नकाशा दाखवला होता. युरोपवर टाइप १ आणि ४, आफ्रिकेवर ३ आणि ६, आशियावर २ आणि ७, पापुआ न्यू गिनीकडे ८. "बघा, माणूस जगभर पसरला तसा हा विषाणूही त्याच्याबरोबर गेला," असं मी ठासून सांगितलं. गाइड एवढंच म्हणाले, "हे नकाशात दिसतंय, की तू नकाशात घातलंयस?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता यावं, म्हणून हा लेख.

आधी थोडी ओळख. १९७१ साली पीएमएल हा मेंदूचा आजार झालेल्या एका रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू वेगळा केला गेला. 'जेसी' ही त्या रुग्णाची आद्याक्षरं. निम्म्याहून जास्त प्रौढांना याचा संसर्ग झालेला असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मुक्काम किडनीत, बाहेर पडायची वाट लघवीतून. म्हणून सॅम्पल मिळवणं सोपं. जीनोमही छोटा, सुमारे ५१३० बेसजोड्यांचा.

१९९७ साली सुगिमोतो, योगो आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की लघवीतल्या या डीएनएवरून मानवी स्थलांतराचा माग काढता येईल. त्याच वर्षी अगोस्तिनी आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या नवाहो लोकांमध्ये आशियाई प्रकार सापडला. पुढे जपानी वंशाच्या अमेरिकनांमध्येही आशियाई प्रकार दिसले, म्हणजे विषाणू बराचसा घरातल्या घरात पसरत असावा. हा पुरावा हलका नाही. पण त्यावर उभा केलेला इमला तपासायला हवा.

पहिली अडचण घड्याळाची. विषाणू माणसाबरोबरच वेगळा होत गेला असं आधीच धरलं, माणसांच्या स्थलांतराच्या तारखा विषाणूच्या झाडाला लावल्या, तर बदलाचा दर खूप मंद येतो. मग तोच मंद दर दाखवून "बघा, विषाणू प्राचीन आहे" म्हणायचं? हे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवणं.

२००६ साली शॅकलटन, रॅम्बो, पायबस आणि होम्स यांनी वाट बदलली. वेगवेगळ्या वर्षी गोळा केलेल्या सॅम्पलवरूनच त्यांनी दर काढला. तो आला एक लाख जागांमागे वर्षाला सुमारे १.७ बदल. स्वतः गुणून बघा: अख्ख्या जीनोममध्ये साधारण बारा वर्षांत एक बदल. आधीच्या अंदाजांपेक्षा हा दर शंभरपटीच्या आसपास जास्त. तो खरा मानला तर या प्रकारांचा समान पूर्वज शतकांत मोजावा लागतो, हजारो वर्षांत नाही.

दुसरी अडचण झाडाच्या आकाराची. माणसांच्या झाडात सर्वांत खोल फांद्या आफ्रिकेत आहेत. जेसी व्हायरसच्या झाडात मात्र युरोपीय प्रकार आधी फुटलेले दिसतात, आणि आफ्रिकेतला टाइप ३ आशियाई प्रकारांच्या गटात जाऊन बसतो. सोबत प्रवास झाला असेल, तर दोन्ही झाडं इतकी वेगळी का?

तिसरी अडचण लेबलांची. सुरुवातीचं बरंचसं टायपिंग ६१० बेसजोड्यांच्या एका तुकड्यावर झालं, म्हणजे जीनोमच्या जेमतेम बारा टक्के भागावर. शिवाय 'आफ्रिकन टाइप' हे नाव सॅम्पल कुठे मिळालं ते सांगतं, विषाणूचा उगम कुठे झाला ते नाही. आपण वाचताना सहज दुसरा अर्थ घेतो, आणि मग विषाणूवरून माणसाची 'जात' ठरवायला निघतो. हा धोका खरा आहे.

मग २००६ चा पेपर जिंकला का? तसंही नाही. सॅम्पलच्या तारखा काही दशकांतच सामावलेल्या असल्या, की दर फुगलेला येऊ शकतो. आणि पूर्वज इतका अलीकडचा असेल, तर नवाहोंकडे आशियाई प्रकार कसा पोचला, हे त्या बाजूला सांगावं लागेल.

माझं मत: प्रकारांची भौगोलिक वाटणी पक्की आहे, तिच्यातून वाचलेला इतिहास अजून कच्चा आहे. तुम्ही पेपर वाचायला घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी मेथड्स उघडा आणि दर कुठून आला ते शोधा. तो निष्कर्षातूनच आला असेल, तर तिथे पेन्सिलने खूण करा. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.