वर्गणी आपली, कपाट कोणाचं?

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. दोघं नाशिकला, एक पुण्याला, एक बंगळुरूला. दर महिन्याच्या शेवटी आमच्या ग्रुपवर एकच विषय पेटतो: पुढच्या महिन्यात कुठल्या अ‍ॅपचे पैसे भरायचे? एकाला क्रिकेट हवं असतं, एकीला कोरियन मालिका, एकाचं म्हणणं, ‘काहीही चालेल, पण जाहिराती नकोत.’ मी मराठी म्हटलं की ग्रुप जरा गप्प होतो. मग कोणीतरी विचारतं, “मराठीसाठी कुठलं चांगलंय रे?” दर वेळी मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटका करून घेतो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं नीट दिलेलं उत्तर.

आधी पैशांचं बोलू, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. 2025 मधले दर घेतो. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन महिन्याला 149 रुपये, म्हणजे वर्षाला 1788. अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी 1499. त्यात सामानाची डिलिव्हरीही आली. पण जून 2025 पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी 699. जिओहॉटस्टार फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झालं तेव्हा मोबाइलचा वर्षाचा प्लॅन 499 चा होता, जाहिरातींसकट. या तिघांचीच बेरीज 3786 होते. सोनीलिव्ह आणि झी5 अजून बाजूलाच आहेत.

आकडे सोपे आहेत. पण आकड्यांमागे एक अट आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. सगळ्यात स्वस्त प्लॅन फोनपुरता असतो. नेटफ्लिक्सचा 149 चा प्लॅन घेतला की सिनेमा एका वेळी एकाच फोनवर आणि 480पी चित्रात दिसतो. घरातल्या टीव्हीवर तो लागत नाही. म्हणजे पैसे वाचतात आणि माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जातात. आजी हॉलमध्ये रात्रीची मालिका बघते, नात आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून दुसरंच काहीतरी बघते. जेवताना दोघींकडे बोलायला समान विषय नसतो. दोष नातीचा नाही. एकत्र बघण्याची किंमत एकट्याने बघण्याच्या तिप्पट-चौपट ठेवली तर घर तसंच वागणार. नेटफ्लिक्सचा टीव्हीवर बऱ्यापैकी दिसणारा प्लॅन 499 चा आहे. तुलनेच्या कोष्टकांत ‘स्क्रीनची संख्या’ असा एक कोरडा रकाना असतो. मला तो सगळ्यात बोलका वाटतो.

आता मुद्द्याचं. मराठीसाठी कोण काय करतं?

नेटफ्लिक्सने मराठीकडे महोत्सवाच्या दारातून पाहिलं. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ 2020 मध्ये व्हेनिसला गेला, तिथे पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि एप्रिल 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. जगभरच्या प्रेक्षकाला एकाच दिवशी मराठी सिनेमा दिसला, ही लहान गोष्ट नव्हे. पण तो अपवादच राहिला. नेटफ्लिक्सला मराठीत उत्कृष्ट काही सापडलं तर ती घेते. मराठीत रोजचं, साधं, मधल्या दर्जाचं काही घडावं यासाठी ती थांबत नाही. आणि कुठल्याही भाषेचा सिनेमा उभा राहतो तो मधल्या दर्जाच्या कामावर.

प्राइम व्हिडिओनेही असंच वेचून घेतलं. मार्च 2021 मध्ये अभिजीत वारंगचा ‘पिकासो’ थिएटरऐवजी थेट तिथे आला. कोकणातला दशावतार, दारूत बुडालेला कलावंत बाप आणि चित्रकार मुलगा. एवढा छोटेखानी सिनेमा त्या वर्षी थिएटरात किती दिवस टिकला असता, हा विचार मनात येतोच. थेट अ‍ॅपवर आल्याने तो निदान लोकांपर्यंत पोचला.

झी5 ची ताकद वेगळी आहे. तो घरचा साठा आहे. झी मराठीच्या मालिका आणि झी स्टुडिओजचे सिनेमे यांची ती स्वाभाविक जागा. परेश मोकाशीचा ‘वाळवी’ 2023 च्या जानेवारीत थिएटरांत लागला आणि मग तिथे आला. हे माळ्यावर चढण्यासारखं आहे: उत्तम वस्तूही निघते, धूळही उडते. जिओहॉटस्टारचंही थोडंफार तसंच. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी ही दोन माहेरं एका छताखाली आली आहेत, आणि दर्शनी भागात क्रिकेट बसलं आहे.

मराठीत मुळातून मालिका करण्याची हिंमत मला सोनीलिव्हवर जास्त दिसली. 2022 मध्ये ‘पेट पुराण’ आणि ‘शांतीत क्रांती’, 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’. पहिल्या दोन मालिकांतली बोली खरी आहे. मूल नको म्हणणारं जोडपं कुत्रा आणि मांजर घरी आणतं किंवा तीन मित्र गाडी काढून निघतात, तेव्हा ती माणसं आपण बोलतो तसंच बोलतात. ‘मानवत मर्डर्स’ने परभणी जिल्ह्यातलं सत्तरच्या दशकातलं प्रकरण घेतलं आणि मोठ्या नटांना मराठवाड्यात नेलं. तरी या तिन्ही शेजारी ठेवल्यावर मला एक गोष्ट खटकते. शहर आलं की विनोद, गाव आलं की खून. मधल्या शहरांचं काय? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणारा मुलगा, द्राक्षाच्या निर्यातीवर घराचं वर्ष ठरणारी मुलगी, कुंभमेळ्याच्या आधी घाटावरच्या दुकानात जागेसाठी झटणारं कुटुंब, यांची मालिका मला अजून भेटलेली नाही. थरार नसला तरी गोष्ट असते, हे मराठी कथेला फार पूर्वीपासून माहीत आहे.

आणि पूर्णपणे मराठीचं म्हणून निघालेलं अ‍ॅप? प्लॅनेट मराठी 2021 मध्ये ‘जून’ या सिनेमाने सुरू झालं, पुढच्या वर्षी ‘रानबाजार’ची खूप चर्चा झाली. कल्पना अगदी बरोबर होती. पण जो प्रेक्षक आधीच दोन-तीन अ‍ॅपना पैसे देतो, त्याने केवळ भाषेसाठी आणखी एक वर्गणी भरावी, ही अपेक्षा मोठी आहे. शिवाय याच प्रेक्षकाला ‘भाडिपा’ने यूट्यूबवर फुकट मराठी बघायची सवय आधीच लावली होती. भाषेवरचं प्रेम महिन्याच्या पस्तीस तारखेला येतं असं आमच्यातला एक जण म्हणतो. त्याला हसलो खरे, पण तो बरोबर आहे.

इथे एक छोटी चाचणी सुचवतो. तुमच्याकडे जे अ‍ॅप असेल ते उघडा आणि शोधाच्या चौकटीत एखाद्या मराठी सिनेमाचं नाव देवनागरीत लिहा. मग तेच नाव रोमन लिपीत लिहा. दोन्ही वेळा तोच सिनेमा आला का ते पाहा. पुढे, दिग्दर्शकाच्या नावावर बोट ठेवून त्याचं दुसरं काम दिसतं का ते पाहा. सिनेमा संपल्यावर श्रेयनामावली पूर्ण वाचता येते की पडदा आक्रसून पुढचा कार्यक्रम धावत येतो, तेही बघा. पाच मिनिटांत कळेल की तुमच्या भाषेला तिथे कपाट मिळालंय की नुसता कोपरा.

कपाट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 मधलं आहे. अशा जुन्या वाचनालयात आणि अ‍ॅपमध्ये एक साम्य आहे: दोन्हीकडे आपण वर्गणी भरतो आणि वस्तू परत देतो. मालकी आपली नसतेच. मग फरक कुठे? वाचनालयात प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुस्तक कोणी नेलं असेल, फाटलं असेल, हरवलं असेल, तरी ते कधीकाळी इथे होतं याची नोंद राहते. अ‍ॅपवर सिनेमाच्या हक्कांची मुदत संपली की सिनेमा जातो आणि त्याच्याबरोबर तो इथे होता ही खूणही जाते. माझ्या ‘नंतर बघू’च्या यादीतून एका अ‍ॅपवरचा एक जुना मराठी सिनेमा असाच गेला. मला आधी वाटलं, मीच काढून टाकला असेल.

कुसुमाग्रज नाशिकचे, म्हणून त्यांच्याच कामाचं उदाहरण घेऊ. ‘नटसम्राट’ हे नाटक 1970 मध्ये रंगभूमीवर आलं, सिनेमा 2016 मध्ये आला. नाटकाचं पुस्तक आज कुठल्याही बऱ्या वाचनालयात मागा, मिळेल. सिनेमा पाहायचा तर आधी शोधावं लागतं की तो सध्या कुठे आहे. ‘सध्या’ हा शब्द पुस्तकाला लावावा लागत नाही.

अ‍ॅपही ‘सध्या’च असतात. ‘बिग बॉस मराठी’चं पहिलं पर्व 2018 मध्ये आलं तेव्हा ते वूटवर बघायचं होतं. 2023 मध्ये वूट जिओसिनेमात गेलं. पाचवं पर्व 2024 मध्ये जिओसिनेमावर आलं. 2025 मध्ये जिओसिनेमा जिओहॉटस्टारमध्ये गेलं. दोन वर्षांत दोनदा पाटी बदलली. ‘समांतर’ 2020 मध्ये एमएक्स प्लेयरवर आली; 2024 मध्ये तेही अ‍ॅमेझॉनकडे गेलं. व्यापारात हे चालायचंच. पण प्रत्येक स्थलांतरात काही पेट्या वाटेत राहतात, हे घर बदललेल्या कोणालाही माहीत असतं.

हे सगळं नाशिकमध्ये बसून लिहिताना दादासाहेब फाळक्यांना टाळता येत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर 1913 मध्येच त्यांनी आपला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला आणि पुढचे बरेचसे चित्रपट इथेच केले. 1944 मध्ये ते इथेच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. स्मारक आहे, पण चित्रपट? ‘राजा हरिश्चंद्र’ची मोजकीच रिळं उरली आहेत आणि तीही 1913 ची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यांच्या बहुतेक कामाचा मागमूसही नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झालं 1964 मध्ये, म्हणजे फाळके गेल्यानंतर वीस वर्षांनी. तोवर नायट्रेटची फिल्म जळली, सडली, हरवली.  सांभाळणं हे कोणाचंच काम नव्हतं, एवढंच.

आजही तसंच आहे. छापील पुस्तकासाठी 1954 चा कायदा आहे: प्रकाशकाने प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायच्या. केवळ अ‍ॅपवर येणाऱ्या मालिकेला तो कायदा लागू होत नाही. तिची डीव्हीडी निघत नाही, ती थिएटरात लागत नाही, सेन्सॉर बोर्डाकडेही जात नाही. कंपनीच्या सर्व्हरवर ती असते आणि ठेवायची की नाही हे कंपनी ठरवते. ‘द डिसायपल’चा नायक दुर्मीळ ध्वनिमुद्रणं डिजिटल करण्याचं काम करतो आणि रात्री मोटरसायकलवरून जाताना कानात एका गानतपस्विनीचं जुनं बोलणं ऐकतो. ते बोलणं कोणीतरी जपलं म्हणून त्याच्यापर्यंत पोचलं. हा सिनेमा मी वर्गणी चालू असेपर्यंतच बघू शकतो, हे आठवलं की तो आणखी वेगळा दिसतो.

तर ग्रुपला माझं उत्तर. वर्षाची वर्गणी कुठलीही घेऊ नका. महिन्याची घ्या आणि पाळीपाळीने फिरवा. मराठी मालिका बघायच्या तर एक महिना सोनीलिव्ह. मराठी सिनेमांचा साठा उपसायचा तर एक महिना झी5. नेटफ्लिक्स एकाच महिन्यासाठी, पण चौघांत मिळून टीव्हीवर दिसणारा प्लॅन घ्या आणि ‘द डिसायपल’ घरच्यांना शेजारी बसवून बघा. प्राइम सामानासाठी घरात असेलच, तर ‘पिकासो’ शोधा. जिओहॉटस्टार क्रिकेटवाल्याच्या पैशांनी.

आणि एक काम फुकटचं आहे. बघितलेल्या मराठी सिनेमाबद्दल चार ओळी लिहून ठेवा: कोणी केला, कधी, कुठे बघितला, काय आवडलं, काय नाही. 1917-18 मध्ये फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेख लिहिले. त्यांची रिळं गेली, पण सिनेमा उभा करताना त्यांनी काय काय सोसलं ते आपल्याला त्या लेखांतून कळतं. आमच्या ग्रुपवर या महिन्यापासून एक यादी सुरू केली आहे. पहिली नोंद माझ्या यादीतून गायब झालेल्या त्या सिनेमाची आहे. शेरा: अजून बघायचा आहे.