चाइल्ड सीट की साधा बेल्ट? लेविट यांचा पेपर वाचताना छेद तपासा

आज एका गाजलेल्या पेपरकडे जरा बारकाईने बघू. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांचा हा पेपर २००८ मध्ये 'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स'मध्ये आला. दावा असा, की २ ते ६ वर्षांच्या मुलांचा मृत्यू टाळण्यात महागडी चाइल्ड सीट साध्या सीट बेल्टपेक्षा सरस ठरत नाही. हीच गोष्ट त्यांनी आणि स्टीफन डबनर यांनी २००५ मध्येच 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मांडली होती. म्हणजे पेपर छापून येण्याआधीच निष्कर्ष पालकांपर्यंत पोचला होता.

आता डेटा बघा. 'फार्स' ही अमेरिकेतल्या जीवघेण्या अपघातांची सरकारी नोंद. लेविट यांनी १९७५ ते २००३ पर्यंतचे अपघात घेतले. एवढा मोठा डेटासेट म्हटल्यावर आपण भारावून जातो. पण या नोंदीत अपघात येतो तो एकाच अटीवर: त्यात कोणीतरी दगावलेलं हवं.

यामुळे काय होतं? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० अपघात, प्रत्येक गाडीत चालक आणि एक मूल, चालक सगळे वाचले. ५० मुलं बेल्टमध्ये, त्यातली ५ गेली. ५० सीटमध्ये, त्यातली २ गेली. फरक उघड आहे. पण नोंदीत फक्त ७ अपघात दिसतील आणि दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण १०० टक्के! सीटने वाचवलेली मुलं छेदातूनच गायब झाली. सिलेक्शन बायस म्हणतात तो हाच.

लेविट यांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी दोन गाड्यांच्या टकरीतले असे अपघात वेगळे काढले, ज्यात समोरच्या गाडीतलं कोणी दगावलं होतं. तिथे मूल वाचलं तरी नोंद होतेच. युक्ती छान आहे, आणि निष्कर्ष तिथेही टिकला. पण असे अपघात म्हणजे सगळे अपघात नव्हेत.

२००६ मध्ये एलियट आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. फार्सला त्यांनी गाडी ओढून न्यावी लागलेल्या अपघातांच्या नमुन्याची जोड दिली, म्हणजे कोणीच न दगावलेले अपघातही छेदात आले. बेल्टच्या तुलनेत सीटमुळे मृत्यूचा धोका २८ टक्के कमी निघाला. सापेक्ष धोका ०.७२, विश्वासांतर ०.५४ ते ०.९७. मात्र यात सीट अगदी चुकीची बसवलेल्या केसेस वगळल्या होत्या. त्या धरल्या तर घट २१ टक्के आणि अंतर ०.५९ ते १.०५, म्हणजे १ ओलांडणारं.

इथे थांबून विचार करा. 'सीट नीट बसवली तर' आणि 'लोक बसवतात तशी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेविट दुसरा विचारतात, २८ टक्के हे पहिल्याचं उत्तर आहे. आकडे समोरासमोर ठेवून भांडण लावण्याआधी हे बघायला हवं.

माझा खरा आक्षेप शीर्षकावर आहे. त्यात बेल्ट सीटइतकाच परिणामकारक असल्याचा पुरावा म्हटलंय. फरक न सापडणं आणि दोन्ही समान असणं एक नव्हे. शिवाय मोजला तो फक्त मृत्यू. डॉयल आणि लेविट यांच्याच २०१० च्या पेपरमध्ये कमी गंभीर जखमा टाळण्यात सीट उजवी दिसते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातलं २०१९ चं कलम १९४ब १४ वर्षांखालील मुलासाठी बेल्ट किंवा चाइल्ड सीट मागतं, नाहीतर १००० रुपये दंड. वरचा सगळा वाद त्या 'किंवा'पुरता आहे. मांडीवर बसवलेलं मूल दोन्हीत मोडत नाही, आणि २ वर्षांखालच्या बाळांबद्दल लेविट यांचा दावाच नाही. तेव्हा 'सीटचा उपयोग नाही, संशोधनात सिद्ध झालंय' असं कोणी म्हणालं, तर त्यांना विचारा: कशाच्या तुलनेत, कोणत्या वयासाठी, आणि छेदात कोण होतं?