व्यंगचित्र आणि अर्थनीतीचे अध्यापन

अर्थनीती हा विषय रुक्ष आणि व्यंगचित्र हे हास्याचे माहेरघर. तेव्हा दुसऱ्याच्या आधाराने पहिला शिकवावा, हा विचार शिक्षकांस मोह घालणारा आहे. आमचा त्यास विरोध नाही. मात्र चित्र दाखविले, वर्ग हसला, म्हणजे धोरण समजले, असे मानण्यात मोठी फसगत आहे. व्यंगचित्र हे फिर्यादी पक्षाचे भाषण असते; न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

जेम्स गिलरे या इंग्रज चित्रकाराचे मे १७९७ मधील एक प्रसिद्ध चित्र घेऊ. कुलूप लावलेल्या पेटीवर एक वृद्धा बसली आहे; तिचा झगा एक पौंडाच्या नोटांचा आहे. पंतप्रधान पिट प्रेमाचे सोंग करून तिच्या अंगचटीस जातो. हात मात्र तिच्या खिशातील सुवर्णनाण्यांकडे वळलेला. ती आक्रोश करते. ही वृद्धा म्हणजे बँक ऑफ इंग्लंड. थ्रेडनीडल रस्त्यावरील ‘म्हातारी’ हे नाव त्या बँकेस पुढे कायमचे चिकटले.

फ्रान्सशी १७९३ पासून चाललेल्या युद्धासाठी सरकारने बँकेकडून भरमसाट कर्ज काढले होते. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले. लोक घाबरून नोटा देऊन सोने मागू लागले. तेव्हा सरकारने नोटांच्या मोबदल्यात सोने देणे थांबविले आणि लहान रकमांच्या नोटा व्यवहारात आल्या. सोने खाली कुलपात, कागद वर अंगावर: गिलरेने हा सारा व्यवहार एका पोशाखात बसविला. जे समजाविण्यास शिक्षकास दोन तास लागावेत ते येथे क्षणात दिसते. ही प्रतिभा निर्विवाद आहे.

परंतु चित्रात नाही ते काय? शत्रूची स्वारी नाही. बँकेच्या दाराशी लोटलेली गर्दी नाही. अनेक कारणांनी ओढवलेले संकट एका माणसाच्या लोभाचे झाले. पुढील इतिहास तर चित्रास ठाऊकच नव्हता. किमती चढल्या, १८१० मध्ये संसदेच्या समितीने नोटांच्या अतिरेकास दोष दिला, म्हणजे गिलरेची शंका अगदीच अनाठायी नव्हती. तथापि बँक बुडाली नाही, आणि १८२१ मध्ये नोटांवर पुन्हा सोने मिळू लागले. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवू नये: याच १७९७ साली गिलरेस सरकार पक्षाकडून वर्षासन सुरू झाले. टीकाकाराचे हितसंबंध तपासणे हाही अर्थनीतीचाच पाठ आहे.

एक दोष मात्र आम्हांस खुपतो. येथील हास्य एका स्त्रीच्या असहायतेवर उभारलेले आहे. ज्या वर्गात मुली बसतात तेथे शिक्षकाने हे हसून टाळू नये. स्पष्ट बोलावे, अथवा हे चित्र महाविद्यालयासाठी राखून ठेवावे.

शिकविण्याचा क्रम आमच्या मते असा असावा. प्रथम विद्यार्थ्याने दिसते तेवढेच सांगावे. मग चित्रकाराचा आरोप एका वाक्यात मांडावा. त्यानंतर त्या आरोपास पिट काय उत्तर देता, ते लिहावे. हे तिसरे पाऊल गाळले, तर आपण विचार शिकवीत नसून केवळ टवाळी शिकवीत असतो, आणि टवाळीस शाळेची गरज नाही.

शेवटी प्रत्येकाने आपल्या खिशातील दहा रुपयांची नोट काढावी व तीवरील गव्हर्नरांचे वचन वाचावे. ती घेऊन रिझर्व्ह बँकेत गेल्यास सोने मिळणार नाही. मिळतील ते दहा रुपयेच, दुसऱ्या नोटेच्या वा नाण्यांच्या रूपात. तरीही वाणी तीवर साखर देतो. का देतो, याचे उत्तर गिलरेच्या चित्रात नाही. ते उत्तर शोधावयास विद्यार्थी निघाला, तर चित्राने आपले काम केले असे आम्ही समजू.