गिरणगाव आणि शालेय भूगोल : एक चिकित्सा

'मुंबईत सुती कापड उद्योगाचे केंद्रीकरण का झाले?' हा प्रश्न माध्यमिक स्तरावरील भूगोलात पिढ्यानपिढ्या विचारला गेला. दमट हवामान, बंदराचे सान्निध्य, कापूस उत्पादक पृष्ठप्रदेश, भांडवल आणि स्वस्त मजूर, हे त्याचे ठरलेले उत्तर. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. आणि हे अपुरेपण परळ-लालबागच्या वर्गात सर्वाधिक जाणवते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. मुंबईची हवा आजही दमट आहे, बंदरही आहे. गिरण्यांचे भोंगे मात्र थांबले. म्हणजेच नैसर्गिक घटक उद्योगाचे येणे काही अंशी स्पष्ट करतात, जाणे नव्हे. त्यासाठी आधुनिकीकरणाकडे झालेले दुर्लक्ष, यंत्रमागांची स्पर्धा, १९८२ चा संप, १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली आणि जमिनीचे वाढते मूल्य यांचा विचार अपरिहार्य ठरतो. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी उभा राहिलेला मॉल हा भूमी उपयोजनातील बदलाचा वस्तुपाठच होय.

'स्वस्त मजूर' या दोन शब्दांत कोकणातून व घाटावरून आलेली माणसे लुप्त होतात. लालबागच्या चाळीतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते कदाचित त्याचे आजोबा असतात. क्षेत्रभेटीसाठी त्याला दूर नेण्याची आवश्यकता नाही. 'उद्योग का आला?' या प्रश्नाला 'का गेला?' आणि 'जागा कोणाला मिळाली?' हे प्रश्न जोडले, तर पाठांतराचा हा विषय त्याला स्वतःच्या परिसराचे आकलन देऊ शकेल.