मंद आचेवरचा लुबान

ओमानच्या दक्षिणेला धोफार नावाचा प्रांत आहे. आपल्या कोकणाला भिजवणारा नैर्ऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबरात तिथल्या डोंगरांवरही धुकं आणि झिमझिम घेऊन येतो आणि सलालाहचा परिसर हिरवागार होतो. लुबान या सुगंधी डिंकाचं सर्वोत्तम झाड मात्र या हिरवाईत रमत नाही. डोंगर ओलांडून पलीकडे जावं, ढग जिथे पोचत नाहीत त्या दगडधोंड्यांच्या कोरड्या पट्ट्यात ते भेटतं. आखूड बुंधा, बुडापासूनच फुटलेल्या वेड्यावाकड्या फांद्या, पापुद्रे सुटलेली साल. वनस्पतीशास्त्रात त्याचं नाव बॉसवेलिया सॅक्रा. सरपणाखेरीज कशाच्या उपयोगी पडेल असं वाटू नये, असं हे झाड. आणि त्यातून निघणाऱ्या डिंकासाठी हजारो वर्षं उंटांचे तांडे आणि गलबतं धावली.

हा डिंक झाड आपणहून फारसा देत नाही. ‘मनकफ’ नावाच्या छोट्या हत्यारानं साल जागोजागी खरवडतात, तेव्हा जखमेतून पांढरा चीक पाझरतो. पहिल्या खेपेचा चीक कामाचा मानत नाहीत. दोनेक आठवड्यांनी त्याच जागा पुन्हा मोकळ्या करतात. चांगला माल मिळतो तो तिसऱ्या खेपेपासून. कुठे किती खरवडायचं आणि झाडाला कधी विसावा द्यायचा, हे हातांनाच कळावं लागतं.

धोफारी बाजारात सगळ्यात मान ‘हौजरी’ प्रतीच्या लुबानाला. त्याचा एक दाणा तळहातावर घेऊन पाहावा. फिकट, थोडी हिरवट झाक असलेला, खडीसाखरेच्या खड्यासारखा. अंगावर स्वतःच्याच घर्षणाची पांढरी भुकटी. भुकटी पुसून उजेडात धरला की आतून उजेड झिरपतो. दाताखाली धरला तर आधी भुगा होतो, मग मऊ पडून चिकटतो आणि तोंडात लिंबाच्या सालीची, किंचित कडवट चव पसरते. आग न लावता एवढं मिळतं.

आता निखारा. दाणा तापला की कडा वितळतात, बारीक बुडबुडे येतात आणि पहिला दरवळ उठतो तो थंड, ओला आणि टवटवीत असतो. चीड-देवदाराच्या कुळातला हा वास अल्फा-पाइनीन या उडून जाणाऱ्या द्रव्याचा. धोफारच्या लुबानात तेच भरपूर असतं. हा दरवळ फार टिकत नाही. त्यामागून मिरीचा हलका तिखटपणा आणि वाळलेल्या लाकडाचा कोरडेपणा येतो. आणि या दोहोंच्या तळाशी एक गंभीर, खनिज म्हणावा असा गंध असतो, ज्याला युरोपात लोक जुन्या चर्चचा वास म्हणून ओळखतात. त्याचा उगम फ्रान्समधल्या संशोधकांना २०१६ साली सापडला. अत्यल्प प्रमाणात असलेली दोन आम्लं हा सगळा भाव पेलतात. मला या सुगंधातलं सर्वांत मोलाचं काही वाटत असेल तर हा तिसरा, तळाचा स्वर.

त्यानंतर आच वाढली तर सगळं बिघडतं. लुबानात राळ आणि तेल असतं, तसा पाण्यात विरघळणारा गोंदही असतो. तो करपू लागला की जळक्या साखरेचा वास आणि डोळ्यांना झोंबणारा धूर. पुष्कळांनी लुबान म्हणून एवढंच अनुभवलेलं असतं. शिवाय आपल्या बाजारात लोबान म्हणून बहुधा मिळतो तो सुमात्राकडच्या वेगळ्याच झाडाचा, व्हॅनिलासारखा गोडसर डिंक. तोही सुंदर आहे, पण त्याच्या ओळखीवर लुबानाचं मूल्यमापन करू नये.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की पत्नी पॉपियाच्या अंत्यविधीत सम्राट नीरोनं अरबस्तानच्या वर्षभराच्या उत्पादनापेक्षा जास्त सुगंधी द्रव्य जाळलं. वैभवाचं ते प्रदर्शन खरं, रसिकता त्यात शोधूनही सापडणार नाही. रसिकता आहे ती धोफारच्या घरांत. मातीच्या रंगीत मजमरमध्ये, म्हणजे धुपाटण्यात, चार दाणे टाकून ते पाहुण्यांपुढून फिरवतात. लाकडी तिकाटण्यावर कपडे पसरून खाली धुरी देतात, ओले केस त्या धुरावर वाळवतात. रात्री चांगले दाणे पाण्यात भिजत घालून सकाळी ते दुधाळ पाणी पोटासाठी पितात. एकाच डिंकाचा गंध, चव आणि स्पर्श असा वेगवेगळा आणि थोडा थोडा घेण्याची ही रीत मला कोणत्याही देवालयातल्या धुराच्या लोटापेक्षा थोर वाटते.

या झाडाशी आपला संबंधही जुना आहे. कल्याण आणि चौलची नोंद करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत धोफारच्या बंदराचंही वर्णन आहे: भडोचकडून हंगामात उशिरा निघालेली जहाजं तिथे मुक्काम करत आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लुबान घेत. त्या बंदराच्या, म्हणजे सुमहुरमच्या उत्खननात कांस्याची एक भारतीय यक्षीही निघाली. एकोणिसाव्या शतकात अरबी आणि सोमाली लुबान मुंबईत उतरे, इथे त्याची प्रतवारी होई आणि मग तो युरोप-चीनला जाई. मुंबईत राहून या झाडांचा अभ्यास केलेल्या जॉर्ज बर्डवूड यांनी १८७० साली त्यातल्या एका जातीला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. पुढे ती जात सॅक्रातच सामावली गेली. आपल्या सातपुड्यात आणि मेळघाटात याच कुळातली सालई उभी आहे. आयुर्वेदाची ही शल्लकी, सांधेदुखीवरच्या औषधांतून घराघरांत पोचलेली. तिचा सुगंध हौजरीइतका धारदार नाही, पण मवाळ आणि प्रसन्न आहे. आपण तिला फक्त औषध म्हणून ओळखतो, हा तिच्यावर अन्याय आहे.

इथिओपिया-सुदानकडच्या लुबानाबद्दल २०१९ साली आलेला अभ्यास चिंतेचा आहे. जुनी झाडं वणवे, किडे आणि बेसुमार खरवडण्यानं मरतात, गुरांच्या चरण्यामुळे नवी रोपं जगत नाहीत, आणि वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल असा त्याचा अंदाज आहे. म्हणून मूठभर जाळण्याची हौस आता परवडणारी नाही.

घेणार असाल तर भुकटी घेऊ नका, अख्खे फिकट दाणे घ्या. निखाऱ्यावर राखेचा जाड थर येऊ द्या, वर अभ्रकाचा किंवा धातूचा पातळ तुकडा ठेवा आणि त्यावर एकच दाणा. तो काळा पडू लागला की चिमट्यानं लगेच उचला. पुढचा वास लुबानाचा नसतो.