तयार फिल्टर आणि कलाकौशल्य : काठीच्या होळीच्या छायाचित्रांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

संगणक व भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने प्रतिमा घडविणे ही गोष्ट आता नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यातही नवलाची राहिलेली नाही. शहादा, तळोदा, नवापूर येथील फोटो स्टुडिओ, लग्नाचे अल्बम, चौकातील फ्लेक्स फलक, महाविद्यालयीन युवा महोत्सव अशा सर्वच ठिकाणी डिजिटल प्रतिमेचा संचार आहे. यांपैकी पुष्कळशा प्रतिमा तयार फिल्टरमधून निघालेल्या असतात. तयार फिल्टर म्हणजे रंग, उजेड व पोत यांत करावयाच्या बदलांचा आधीच ठरवून ठेवलेला संच होय. बोटाच्या एका स्पर्शाने तो कोणत्याही छायाचित्रावर चढविता येतो. अशा प्रतिमेस कौशल्यपूर्ण डिजिटल कलाकृती म्हणावे काय, हा प्रश्न विद्यार्थी, व्यावसायिक आणि परीक्षक या तिघांनाही भेडसावतो.

या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे ऐकावयास मिळतात. बटण दाबण्यात कसली आली कला, हे एक उत्तर. आणि चित्र सुंदर दिसले म्हणजे झाले, ते कसे केले याच्याशी रसिकाला काय कर्तव्य, हे दुसरे. पहिले उत्तर श्रमाला कौशल्य समजते, तर दुसरे परिणामाला. फिल्टर प्रतिमेवर नेमके काय करतो याची चौकशी मात्र दोहोंतही आढळत नाही. ती चौकशी मोघमपणे न करता एखाद्या विशिष्ट विषयावर करणे इष्ट ठरते, आणि त्या दृष्टीने सातपुड्यातील काठीच्या होळीइतका उद्बोधक विषय या जिल्ह्यात दुसरा नाही.

काठीची होळी आणि रंगांचे कोष्टक

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे एका जुन्या संस्थानाचे गाव. येथील 'राजवाडी होळी' संध्याकाळी पेटत नाही. रात्रभर ढोलाच्या तालावर नाच चालतो आणि होळी पहाटे पेटविली जाते. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप असतात, कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे बांधलेले असतात, आणि उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची व रेषांची नक्षी रेखलेली असते. दर फाल्गुनात छायाचित्रकारांची येथे गर्दी होते. त्यांच्या दृष्टीने या होळीची खरी अवघड बाजू म्हणजे तिचा उजेड. आधी अंधार आणि तुरळक दिवे, मग ज्वाळा, आणि त्या ज्वाळांवर हळूहळू चढत जाणारी पहाट असा उजेड एका रात्रीत तीनदा पालटतो.

या होळीची जी छायाचित्रे नंतर प्रसृत होतात, त्यांतील अनेकांवर नारिंगी-निळ्या छटेचा एक लोकप्रिय फिल्टर चढविलेला दिसतो. डिजिटल छायाचित्रातील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा या तीन रंगांची सामान्यतः ० ते २५५ अशी मूल्ये असतात. या जातीचा फिल्टर म्हणजे वस्तुतः एक कोष्टक असते. अमुक मूल्य आले की त्याच्या जागी तमुक मूल्य ठेवावे, एवढेच ते सांगते. गडद भाग निळसर-हिरव्याकडे आणि उजळ भाग नारिंगीकडे ढकलणे हा या विशिष्ट कोष्टकाचा स्वभाव आहे. पिवळा व तांबडा दोन्ही त्यात नारिंगीत विरतात; हिरवा, निळा व जांभळा एकाच निळसर छटेत गोळा होतात.

आता हे कोष्टक काठीच्या छायाचित्रावर चढविले असता काय घडते ते पाहावे. ज्वाळेच्या गाभ्यातील पिवळा आणि टोकाशी असलेला तांबडा यांतील भेद नाहीसा होतो. मोरपिसात हिरव्या, निळ्या, जांभळ्या व सोनेरी छटांचा जो खेळ असतो, तो एका सपाट निळ्यात बुडून जातो. अंगावरील पांढऱ्या नक्षीची सावलीतील बाजू निळी पडते, आणि ती अंगाला माखलेली नसून पडद्यावरून टाकल्यासारखी भासू लागते. ज्वाळेचा नारिंगी आणि तिच्या उजेडातील कातडीचा नारिंगी यांत या कोष्टकाला फरक कळत नाही, कारण त्याच्यापुढे माणूस नाही आणि अग्नीही नाही. आहेत ते केवळ आकडे. तरीही असे छायाचित्र प्रथमदर्शनी आकर्षक वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हेच आकर्षण गोव्याच्या किनाऱ्याला, मुंबईच्या लोकलला आणि लग्नाच्या वरातीलाही त्याच मापाने लाभते, ही खरी अडचण आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम मांडले. त्या परिभाषेत बोलावयाचे तर असा फिल्टर प्रतिमेत स्वस्त संवाद निर्माण करतो आणि विषयातच असलेला विरोध गिळून टाकतो. काठीच्या पहाटेत ज्वाळेचा उष्ण रंग आणि आकाशाचा थंड रंग यांचा विरोध मुळातच आहे, तो बाहेरून आणावा लागत नाही. यशोधराने कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत सांगितलेल्या चित्राच्या षडंगांचा आधार घेतला तर असे म्हणता येईल की, फिल्टर फार तर वर्णिकाभंगाचे काम करतो. रूपभेद आणि सादृश्य ही अंगे त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत, आणि वर चर्चिलेल्या उदाहरणात त्याने केलेला वर्णिकाभंग या दोन अंगांच्या मुळावरच आलेला आहे.

त्वचेचा प्रश्न

सौंदर्यशास्त्रापेक्षा अधिक गंभीर अशी एक बाजू येथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य चेहरे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांतील आहेत, तेथे चेहरा उजळविणारा व कातडी गुळगुळीत करणारा तयार फिल्टर हा केवळ अभिरुचीचा विषय राहत नाही. असा फिल्टर घडविणाऱ्याने 'चांगल्या' त्वचेची एक कल्पना मनाशी धरलेली असते, आणि त्या कल्पनेत सातपुड्यातला चेहरा क्वचितच असतो. काठीच्या नर्तकाच्या गालावरील बारीक ठिपका हा नक्षीचा भाग आहे की मुरुमाचा डाग, हे अशा फिल्टरला उमगेलच असे नाही. तो दोन्ही सारख्याच तत्परतेने पुसट करू शकतो.

हा दोष डिजिटल तंत्राबरोबर जन्मला असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनीची रंगीत छपाई जुळविण्यासाठी प्रयोगशाळांतून 'शर्ली कार्ड' वापरले जाई. त्यावर एका गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र असे आणि तिचा वर्ण हाच बरोबर वर्ण मानून यंत्रे लावली जात. परिणामी सावळ्या चेहऱ्यांचा तपशील छपाईत हरवत असे. वेगवेगळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे प्रचारात येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. तयार साच्यात कोणाची तरी नजर आधीच भरलेली असते, ही गोष्ट यावरून स्पष्ट व्हावी. जो छायाचित्रकार ती नजर न ओळखता उसनी घेतो, तो आपल्या विषयावर अन्याय करीत असतो, आणि ते त्याच्या ध्यानीही येत नाही. हे हेतुपुरस्सर गोरेपणाचे वेड असते तर त्यावर निदान वाद तरी घालता आला असता.

साच्याची परंपरा

एवढ्यावरून तयार फिल्टर वापरणारा प्रत्येक जण अकुशल ठरतो, असे अनुमान काढणे उतावळेपणाचे होईल. कला आणि साचा यांचे वैर मानण्याची सवय तशी अलीकडचीच. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि त्यांच्या देवदेवतांच्या तैलमुद्रा घरोघरी पोहोचल्या. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी स्प्रेच्या साहाय्याने रंगछटांचे जे मुलायम मिश्रण साधले, त्याला केवळ 'कॅलेंडरचे काम' म्हणून नाके मुरडणारे त्यांच्या काळीही होते. परंतु स्प्रे कोठे थांबवावयाचा हे त्या यंत्राला नव्हे, मुळगावकरांना ठाऊक होते.

घरच्या अंगणातील उदाहरण याहून बोलके आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांची मांडणी आधी ठरलेली असते. ती परंपरेने आयती मिळते. बाजारात मिळणारा रांगोळीचा छापाही आयताच मिळतो. तरीही या दोहोंत भेद आहे, आणि तो कोणत्याही गृहिणीला सांगावा लागत नाही. ठिपके हा आराखडा आहे. त्यातून रेषा कशी न्यावयाची, कोठे वळवावयाची, कोणता रंग कोणत्या पाकळीत भरावयाचा, हे पुढे ठरवावे लागते. छापा ही निष्पत्ती आहे. त्यानंतर ठरविण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा एखादी गोष्ट आयती मिळाली की नाही यापेक्षा, ती मिळाल्यानंतर किती निर्णय शिल्लक राहिले, ही कसोटी अधिक उपयुक्त आहे.

छायाचित्रकलेतही हेच दिसते. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांच्या रंगीत छायाचित्रांना जागतिक मान्यता मिळाली, आणि त्यांनी वापरलेली कोडाक्रोम फिल्म हा एका अर्थाने कारखान्यात तयार झालेला फिल्टरच होता. तिचे लाल-पिवळे रंग कंपनीने ठरविलेले होते. परंतु त्या छायाचित्रांचे श्रेय कोणी कंपनीला देत नाही. फिल्मचा स्वभाव जाणून, तो कोणत्या उजेडाला मानवेल याचा अंदाज बांधून छायाचित्रकाराला आधी उभे राहावे लागे. निर्णय चित्र टिपण्यापूर्वी होत असे. भ्रमणध्वनीवरील फिल्टर बहुधा चित्र टिपून झाल्यावर, वीस-पंचवीस नमुने बोटाने सरकवीत निवडला जातो. निवड तेथेही असतेच. पण ती विषयाकडे पाहून न होता नमुन्यांकडे पाहून होते.

येथे व्यवसायाचाही विचार करावयास हवा. लग्नसराईत एका लग्नाची शेकडो छायाचित्रे अल्पावधीत तयार करून देणाऱ्या स्टुडिओचालकाने प्रत्येक छायाचित्रावर स्वतंत्र काम करावे, ही अपेक्षा त्याच्या पोटावर पाय आणणारी आहे. स्वतःच्या अनुभवातून एक प्रीसेट घडविणे, हळदीच्या छायाचित्रांवर त्याची तीव्रता उतरविणे, रात्रीच्या वरातीसाठी दुसरा करणे आणि सबंध अल्बम एका सुरात बांधणे हे निश्चितच कौशल्याचे काम आहे. त्यात कारागिरीचा भाग मोठा असेल, पण कारागिरीला कमी लेखण्याचे काही कारण नाही.

याउलट, फिल्टर जसजसा समर्थ होत गेला तसतसा वापरणाऱ्याचा वाटा आकसत गेला. २०१६ मध्ये आलेल्या 'प्रिस्मा' या ॲपने कोणत्याही छायाचित्राला प्रसिद्ध चित्रकारांच्या शैलीचा पोत दिला. मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने जपानच्या घिबली स्टुडिओच्या शैलीत स्वतःची छायाचित्रे बदलून घेण्याची लाट आली. त्या चित्रांतील कौशल्य खोटे नव्हते. ते फक्त दुसऱ्याचे होते.

कायद्यातील एक समांतर विचार

कौशल्य कशाला म्हणावे हा प्रश्न न्यायालयापुढेही आलेला आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायनिर्णयांच्या संपादित पाठावर प्रकाशकाचा स्वामित्वहक्क पोहोचतो काय, असा तो वाद होता. केवळ श्रम व भांडवल खर्च झाले एवढ्याने हक्क मिळत नाही. कौशल्य आणि विवेकबुद्धीचा वापर, तसेच किमान सर्जनशीलता दिसली पाहिजे, असे न्यायालयाने मानले. किरकोळ दुरुस्त्यांना त्याने संरक्षण नाकारले; परंतु परिच्छेदांची पाडणी, अंतर्गत संदर्भ, न्यायाधीशांच्या सहमती-असहमतीची नोंद या कामांत विवेक लागतो म्हणून त्यांना ते मान्य केले. विषय कलेचा नसला तरी हा भेद येथे तंतोतंत लागू पडतो. पाठ वाचल्याशिवाय परिच्छेद पाडता येत नाही. छायाचित्र न वाचता फिल्टर मात्र चढविता येतो.

परीक्षणाचा व्यवहार

जिल्ह्यातील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील विद्यार्थी 'युवारंग' महोत्सवात उतरतात, आणि त्यापुढील वाट राष्ट्रीय युवा महोत्सवाकडे जाते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांत स्पॉट फोटोग्राफीसाठी फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरने प्रतिमा खुलविण्यास मनाई आहे. स्पर्धेच्या सोयीसाठी हा नियम समजण्यासारखा असला, तरी त्यामागील गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. कॅमेऱ्यातून निघणारी नेहमीची जेपेग प्रतिमाही निर्मात्याने ठरविलेल्या रंगकोष्टकातून आलेली असते. ज्वाळेच्या उजेडातील छायाचित्रात स्वयंचलित रंगसंतुलन उष्ण छटा आपणहून थंड करते. 'फिल्टर न लावलेले' म्हणून जे पुढे ठेवले जाते, ते पुष्कळदा कंपनीने लावलेल्या फिल्टरचे चित्र असते. अशा वेळी, ज्वाळेचा मूळ रंग परत आणण्यासाठी संगणकावर अर्धा तास खपणारा विद्यार्थी बाद होतो आणि यंत्राने थंड केलेली होळी निमूटपणे स्वीकारणारा पात्र ठरतो.

जेथे डिजिटल प्रक्रियेला मुभा आहे अशा स्पर्धांत व वर्गकार्यात मात्र परीक्षकाला अधिक नेमके काही करता येण्याजोगे आहे. अंतिम प्रतिमेबरोबर मूळ फाइल मागवावी. फिल्टर संपूर्ण चौकटीवर चढविला की काही भागापुरता, त्याची तीव्रता किती ठेवली आणि का, हे विद्यार्थ्याला तोंडी विचारावे. शक्य असेल तेथे एकाच रात्रीची दोन छायाचित्रे सादर करण्यास सांगावे : एक होळी पेटण्यापूर्वीचे, दिव्यांच्या उजेडातले आणि दुसरे पहाटे ज्वाळा चढल्यानंतरचे. दोहोंवर एकच फिल्टर त्याच मात्रेत आढळला, तर विद्यार्थ्याला उजेड पालटल्याचे जाणवले होते काय, एवढे विचारले तरी पुरे आहे.