दिसणारा मनोरा आणि न दिसणारी वेदी

अठराव्या शतकातील डच नगरचित्रांची थोरवी त्यांच्या अचूकतेत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कॉर्नेलिस प्रॉंक (१६९१–१७५९) आणि त्यांचे शिष्य यान द बेयर (१७०३–१७८०) यांनी या चित्रप्रकारास प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रथम बारीक रेखाटन, त्यावर शाईचे पातळ हात, क्वचित जलरंगांची सौम्य छटा. विषय एखादा रस्ता किंवा कालवा, ओळीने उभी घरे आणि त्यांच्या माथ्यावरून डोकावणारा चर्चचा मनोरा. या कलेचा संयम आम्हांला मनापासून भावतो. चर्च आहे म्हणून येथे आकाश उजळत नाही; मनोऱ्याला आणि शेजारच्या घराच्या खिडकीला चित्रकार सारख्याच निष्ठेने न्याय देतो.

मात्र कॅथलिक वाचकाने या चित्रांपाशी थोडे अधिक थांबावे, असे आम्हांस वाटते. अ‍ॅम्स्टरडॅमचे ‘औदे केर्क’, म्हणजे जुने चर्च, या परंपरेत अनेकदा चितारले गेले. १३०६ साली उट्रेक्टच्या बिशपांनी ते संत निकोलसच्या नावे अभिषिक्त केले होते. १५७८ मध्ये शहराची सत्ता पालटली, चर्च प्रॉटेस्टंट उपासनेकडे गेले आणि कॅथलिकांच्या जाहीर उपासनेवर बंदी आली. तेव्हा ही चित्रे रंगविली जात असताना त्या मनोऱ्याखाली मिस्सा होत नव्हता.

मिस्सा होत होता तो घरांत. औदे केर्कपासून हाकेच्या अंतरावर, त्याच कालव्याकाठी, यान हार्टमन या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ ते १६६३ या काळात आपल्या घराच्या व मागील दोन घरांच्या वरच्या मजल्यांत सलग एक चर्च उभारले. अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता होता. परंतु रस्त्यावरून ते चर्च म्हणून ओळखू येऊ नये, एवढी अट सांभाळली की ते काणाडोळा करीत.

मग ही अचूक चित्रे असत्य ठरतात काय? आमच्या मते नाही. रस्त्यावरून जे दिसले तेच चित्रकाराने प्रामाणिकपणे नोंदविले. वेदी दिसू नये ही व्यवस्था कायद्याची होती, कुंचल्याची नव्हे. उलट, घरांचे ते निर्विकार दर्शनी भाग इतक्या काटेकोरपणे रेखाटल्यामुळेच त्या काळच्या भाविकांना किती निमूटपणे जगावे लागले, हे आज आपल्याला उमगते. डोळ्यांनी पाहून काढलेल्या चित्राची मर्यादा येथे आहे आणि त्याची साक्षही येथेच आहे.

१८८७ साली त्या धर्मग्रामाला संत निकोलसच्या नावाने भव्य चर्च लाभले आणि लगेच पुढच्या वर्षी माळ्यावरचे चर्च संग्रहालय म्हणून खुले झाले. मनोरा लाभल्याचा आनंद रास्तच होता. तथापि दोन शतकांहून अधिक काळ मनोऱ्यावाचून श्रद्धा टिकली, ती घराघरांतील माणसांमुळे. आपल्या पॅरिशच्या देखण्या इमारतीचे कौतुक करताना आपण एवढे ध्यानी ठेवले, तर ही जुनी डच चित्रे आपल्यालाही काही देऊन जातील.